नऊ पायऱ्यांचा कठडा

कठडा बसवायला दोन तास लागले असते. हे वेल्डरचं म्हणणं होतं, आणि सांगितल्या वेळेच्या आधी काम संपवून जाणारा गल्लीतला तो एकमेव कारागीर होता. "काका, सकाळी नऊला येतो, अकराला चहा पिऊन जातो," असं तो म्हणाला. मंदिराच्या नऊ पायऱ्या, दीड इंची पाइप, खाली चार खांब आणि वरच्या टोकाला एक वळण. पाइपसुद्धा त्याच्याकडे पडलेलाच होता.

मीटरकाका म्हणाले, "थांब. आधी परवानगी घेऊ."

एवढ्या चार शब्दांवर माणूस किती लांब जाऊन पडू शकतो, याची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती. मीटरकाकांना तर अजिबात नव्हती.

मीटरकाकांनी बत्तीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले. लोक टोपलीखाली, तुळईआड, एकदा तर पाळण्याखाली बेकायदा नळ लपवायचे आणि काका ते हुडकून तोडायचे. तोडताना घरची बाई शिव्या घालायची. काका शांतपणे त्या ऐकून घ्यायचे आणि शेवटी तिचीच सही घेऊन यायचे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रिकाम्या रस्त्यावरच्या लाल दिव्याला ते एकटे उभे राहत. घरातली मोरी दुरुस्त करायची होती तेव्हा त्यांनी खालच्या मजल्यावरच्यांना आठ दिवस आधी लेखी कळवलं होतं, आणि खालचा मजला रिकामा असल्यामुळे ते पत्र दाराला चिकटवलं होतं. काकू म्हणायच्या, "ह्यांना शिंक आली तरी आधी अर्ज देतील."

मंदिर होतं गल्लीच्या टोकाला, उंचवट्यावर. एका खोलीएवढं. कुणी बांधलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाला गरजही पडली नव्हती. किल्ली कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मशीनच्या खणात असायची. दुकान उघडण्याआधी तो गळ्यात टेप अडकवूनच पूजा उरकायचा. संध्याकाळचा दिवा काकूंचा. अडतीस वर्षं. ताप असो, पाहुणे असोत, नवऱ्याशी अबोला असो, साडेसहाला काकू नऊ पायऱ्या चढून जायच्या.

मग काकूंचं हृदय थकलं. दवाखान्यातून परत आल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, पायऱ्या शक्यतो नकोतच, चढायच्याच असतील तर एका वेळी एक, आणि धरायला काहीतरी हवं. काकांना बाजूला घेऊन ते आणखी एक वाक्य बोलले. "फार लांबचे बेत करू नका." बाजूला घेऊन म्हणजे पडद्याच्या पलीकडे. पडद्याला कान नसतात, पण काकूंना होते.

घरी आल्यावर काकूंनी एकच मागणं मागितलं. "एकदा माझ्या पायांनी वर जाईन, दिवा लावीन आणि खाली येईन. मग म्हणाल तेवढ्या गोळ्या गिळीन."

शेजारी म्हणाले, खुर्चीत बसवून उचलून नेतो. काकू म्हणाल्या, "मी काय गाठोडं आहे? इतकी वर्षं ज्याच्यासमोर उभी राहिले, त्याच्यासमोर आता कुणी आणून ठेवायला नको मला."

तेव्हा कठडा. तेव्हा वेल्डर. आणि तेव्हा मीटरकाकांचे ते चार शब्द.

नगरपालिकेनं त्यांना देवस्थान खात्याकडे पाठवलं. पाच मजले, लिफ्ट बंद. ज्या माणसाला नऊ पायऱ्यांसाठी कठडा हवा होता तो त्याच्या अर्जासाठी सव्वाशे पायऱ्या चढला, आणि तिथे कठडा चांगला होता हे त्यानं मनात नोंदवून ठेवलं. खिडकीतल्या कारकुनानं जाडजूड यादी दोनदा चाळली.

"असं मंदिर नाही."

"नाही म्हणजे? माझी बायको अडतीस वर्षं दिवा कुठे लावतेय?"

"ते मी कसं सांगू? आमच्या यादीप्रमाणे ती हवेत लावते."

काकांचा चेहरा पडलेला पाहून त्या कारकुनाला दया आली. तो खिडकीतून निम्मा बाहेर झुकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, यादीत नाही ना? मग आमचा काय संबंध? घरी जा, कठडा बसवा. इथे आला होतात हे मी विसरतो."

नोकरीभर काकांना लाच देऊ पाहणारे भेटले होते, दम देणारे भेटले होते. पण इतका अनैतिक सल्ला, तोही खिडकीच्या आतल्या बाजूनं, त्यांना पहिल्यांदाच मिळत होता. कानशिलं तापली. स्वतःच्या मंदिराला बेकायदा नळाच्या पंगतीत बसवलेलं त्यांना सोसवेना.

"मंदिर आहे," ते म्हणाले. "मी सिद्ध करून दाखवतो."

पुढचे तीन आठवडे काकांनी ते सिद्ध करण्यात घालवले. चारी बाजूंनी फोटो काढले. मापं घेऊन नकाशा काढला, त्यात उत्तर दिशा बाणानं दाखवली. गल्लीतल्या एकेचाळीस लोकांच्या सह्या घेतल्या. सही न येणाऱ्या म्हातारीचा अंगठा घेतला आणि तो डावा असल्याची खाली नोंद केली. काकू खिडकीपाशी बसून ही धावपळ बघायच्या. ह्या तीन आठवड्यांत त्यांचं खिडकीपर्यंत चालत येणं बंद झालं आणि खुर्चीच तिथे हलवावी लागली, पण काका तेव्हा नकाशाला शाई भरत होते.

कारकुनानं सगळे कागद पाहिले, एक उसासा टाकला आणि शिक्का मारला.

काका घरी आले ते छाती काढूनच. "लागलं यादीत."

"कठडा?" काकूंनी विचारलं.

"आधी मंदिर. मग कठडा."

"मंदिर होतंच की हो."

"आता कायद्यानं आहे."

यादीत लागलेल्या मंदिराची पाहणी करायला आठवड्याभरात निरीक्षक आला. सोबत त्यानं टेप आणली नव्हती, म्हणून शिंप्यानं आपली दिली. निरीक्षकानं गाभारा मोजला, ओटा मोजला, मग आतल्या वस्तू लिहायला घेतल्या. घंटा एक. घंटेची दोरी एक. समई एक. पाट दोन, पैकी एक मोडका. मापनफीत, कापडी, एक.

"साहेब, ती माझी," शिंपी म्हणाला.

"मंदिरात सापडलेली वस्तू मंदिराची. हरकत असेल तर अर्ज करा. हे काका सांगतील कसा करायचा."

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. सरकारी काम हळू चालतं हा लोकांचा गैरसमज आहे. द्यायचं असेल तर हळू चालतं. खणातली किल्ली जमा झाली. दाराला दोन कुलपं लागली, त्यातल्या दुसऱ्याची किल्ली रोज सकाळी खात्यातून यायची. पायऱ्यांच्या तळाशी लोखंडी खांबावर पाटी उभी राहिली, त्या खांबाला सिमेंट भरपूर घातलं होतं. शिंप्याला 'तात्पुरता पूजक' असं पद मिळालं आणि देवापुढे बसण्याआधी हजेरीवर सही करायची सक्ती झाली. पाच मंदिरं मिळून एक व्यवस्थापक नेमला गेला. मध्यमवयीन, पित्तानं गांजलेला, सायकलवरून फिरणारा सज्जन माणूस. मंदिराची वेळ ठरली सकाळी दहा ते एक, दुपारी दोन ते पाच.

"आणि साडेसहाचा दिवा?" काकांनी विचारलं.

व्यवस्थापकानं पोट चोळलं. "पाच वाजता लावून ठेवू का? देवाला काय, थोडं आधी."

गल्लीनं मीटरकाकांशी बोलणं टाकलं. ज्यांनी सह्या दिल्या होत्या त्यांनी तर आधी टाकलं. शिंपी वीत मारून कापड मोजायला लागला आणि कुणाची बाही आखूड झाली की दुकानातूनच मोठ्यानं म्हणायचा, "काकांचा कठडा बसू दे, मग तुमची बाही लांब करतो." काकांना हे सगळं ऐकू यायचं. त्यांनी वाटच बदलली. दूध आणायला दोन गल्ल्या वळसा घालून जाऊ लागले.

काकू एवढंच म्हणाल्या, "मी कठडा मागितला, तुम्ही सरकार आणलंत."

मदतीला आले फक्त अर्धे वकील. हे गृहस्थ कोर्टात चाळीस वर्षं शिपाई होते. वकिलांच्या फायली उचलता उचलता त्यांच्या अंगात निम्मी वकिली मुरली होती. ती कोणती निम्मी, हे त्यांच्या अशिलांना निकालानंतर कळायचं.

"घटनेत काय लिहिलंय?" अर्धे वकील खुर्ची ओढून बसत म्हणाले. "ज्याला त्याला आपापला धर्म पाळायचा हक्क. आणि आपापल्या धर्माची व्यवस्था आपण बघायचा हक्क. लिहिलंय काळ्यावर पांढरं."

"पांढऱ्यावर काळं," आतून काकू म्हणाल्या.

"तेच ते. सुनावणी मागा. मी येतो."

सुनावणी पाचव्या मजल्यावर. अधिकारी वयानं तरुण, बोलायला मऊ, टेबलावर एकही कागद नाही. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि अर्ध्या वकिलांचंही, हे विशेष.

"तुमचा हक्क मला मान्य आहे," अधिकारी म्हणाले. "सरकार धर्मात हात घालत नाही. आम्ही बघतो ती फक्त व्यवस्था. देवाला हात जोडणं हा धर्म. दार कधी उघडायचं ही व्यवस्था."

"दिवा?" काकांनी विचारलं.

"ज्योत धर्म. तेल व्यवस्था."

"घंटा?"

"नाद धर्म. दोरी व्यवस्था."

काकांना हे आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. बत्तीस वर्षं त्यांनीही हेच केलं होतं. पाणी लोकांचं, मीटर खात्याचा. ते मान डोलावतायत असं पाहून अर्ध्या वकिलांनी टेबलाखालून त्यांना लाथ मारली.

"साहेब, हे खातं हवंच कशाला?" अर्धे वकील म्हणाले. "आमच्या गल्लीत कुणी देवाचं काही चोरलं का?"

"तुमच्याकडे नसेल. पण कुठे पुजाऱ्यानं देवाची जमीन स्वतःच्या नावावर केली, कुठे दागिने विकले, कुठे लोकांना जातीवरून दारातच अडवलं. ते लोक तक्रार घेऊन ह्याच खुर्चीसमोर आले होते. त्यांना काय सांगायचं?"

हे खरं होतं, आणि ते अर्ध्या वकिलांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. "पलीकडच्या पेठेत दुसऱ्या धर्माचं प्रार्थनाघर आहे. तिथे आमच्याच वेल्डरनं कठडा बसवला. त्यांच्या कमिटीनं चहा पिता पिता ठरवलं."

"ते आमच्या खात्यात येत नाही," अधिकारी म्हणाले. "खरं सांगायचं तर तुम्हीही येत नव्हता."

अर्धे वकील वळून काकांकडे बघायला लागले.

"तर आता कठड्याकडे येऊ," अधिकारी म्हणाले. "कठडा धर्म की व्यवस्था?"

"व्यवस्था," काका म्हणाले. प्रामाणिक माणूस.

"मग तो खासगी माणसाला बसवता येणार नाही. खातंच बसवेल. त्यासाठी मागणी वर जाईल, तरतूद होईल. पुढच्या वर्षी बघू."

"धर्म म्हणतायत ते," अर्धे वकील घाईनं म्हणाले. "पायरी चढल्याशिवाय देव कसा भेटणार? धर्मच."

"मग सरकारला त्यात हात घालता येणार नाही. म्हणजे परवानगी देता येणार नाही. ना होकार, ना नकार." अधिकाऱ्यांनी हात पसरले. त्यांनाही वाईट वाटत होतं आणि ते खोटं नव्हतं. "ठरवून सांगा. मी थांबतो."

काका कठडा न धरता जिना उतरले.

त्या महिन्यात काकू अंथरुणाला टेकल्या. उठवून बसवलं तर श्वास लागायचा, झोपवलं तरी लागायचा. साडेसहा वाजले की मात्र मान खिडकीकडे वळायची. डॉक्टर येऊन गेले आणि ह्या वेळी पडद्याच्या अलीकडेच बोलले.

दुसऱ्या दिवशी वेल्डर दारात आला. काकांशी न बोलता सरळ आत गेला.

"काकू, लोखंड बसवू देत नाहीत ना? मग माणसं उभी करू. पायरीला एक. तुम्ही खांद्याला धरून चढायचं. माणसं कुठल्या खात्यात येतात ते त्यांनी आधी शोधावं."

काकू कितीतरी दिवसांनी हसल्या. हसताना खोकला आला. "संध्याकाळी तर कुलूप असतं," त्या म्हणाल्या. "सकाळी दहाला चालेल. दिवसाउजेडी लावीन दिवा, मला कुठे लाज आहे."

गुरुवार ठरला. वेल्डरनं घरोघर जाऊन नऊ माणसं जमवली. शिंपी सगळ्यात आधी तयार झाला. "मी वरच्या पायरीवर," तो म्हणाला. "काकूंना शेवटी दम लागेल, माझा खांदा रुंद आहे."

काकांकडे काही काम दिलेलं नव्हतं. ते दिवसभर घरातच येरझारा घालत होते. शेवटी बुधवारी दुपारी ते कपडे बदलून बाहेर पडले.

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"जरा पाय मोकळे करून येतो."

लग्नानंतर ते बायकोशी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते पाचव्या मजल्यावर जाण्यासाठी. मनात त्यांनी नीट वाटणी केली होती. परवानगी मागायची नाही. ती चूक पुन्हा नाही. फक्त कळवून ठेवायचं. उद्या कुणी म्हणायला नको की चोरून चढले, व्यवस्थापकावर ठपका यायला नको. चार ओळींचं पत्र. उद्या सकाळी दहा वाजता, पत्नी, नऊ सहायक, नऊ पायऱ्या, माहितीस्तव सादर. पोच घेतली, घडी घातली, खिशात ठेवली. येताना त्यांना फार दिवसांनी हलकं वाटलं आणि ते शिंप्याच्या दुकानावरून सरळ वाटेनं घरी आले.

गुरुवारी साडेनऊला काकूंना पायऱ्यांपर्यंत आणलं. हातात एक छोटी डबी, तिच्यात तेलात भिजवलेल्या वाती. नऊ माणसं पायरीपायरीवर भिंतीला पाठ लावून उभी होती. अर्धे वकील तिसऱ्या पायरीवर. काका काकूंच्या मागे, दोन्ही हात पुढे करून, न शिवता.

पहिली पायरी चढायला चार मिनिटं लागली. काकू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर हात न्यायच्या, थांबायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा निघायच्या. तिसऱ्या पायरीवर त्या म्हणाल्या, "वकील, खांदा हाडाचा आहे हो तुमचा, कायद्यासारखा." पाचवीनंतर विनोद बंद झाले. सातव्या पायरीवर ओठ निळे दिसायला लागले. वेल्डर म्हणाला, "काकू, बास करू या का?" काकूंनी नुसतं वर बघितलं.

शिंप्याच्या खांद्यावर त्यांनी सगळा भार टाकला आणि त्या नववी पायरी चढल्या.

वर दोन पावलांचा ओटा आणि मग डावीकडे दार. ते पायऱ्यांवरून दिसत नाही. दाराशी व्यवस्थापक उभा होता. दोन्ही कुलपं लावलेली होती आणि त्यांच्या वर एक कागद चिकटवलेला होता, त्याची खळ अजून ओली होती.

"साडेआठला ऑर्डर आली," व्यवस्थापक म्हणाला. त्याची नजर वर येत नव्हती. "दुसरी किल्ली त्यांनी पाठवलीच नाही. तुम्ही पाचव्या पायरीवर होतात तेव्हा सांगायला निघालो होतो. जीभ उचलली नाही."

काकूंचा चष्मा घरी होता. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "वाचा हो."

मीटरकाकांनी वाचलं. सरकारी कागद नेहमी वाचायचे तसंच, एका सुरात, स्वल्पविरामाला थांबत. "अर्जदार यांनी दिलेल्या पूर्वसूचनेवरून सदर ठिकाणी आज जमाव होण्याची शक्यता असल्याने, तसेच सदर पायऱ्यांना कठडा नसल्याने, सुरक्षिततेच्या कारणास्तव मंदिर आज दिवसभर बंद राहील."

शिंपी काहीतरी बोलायला गेला. वेल्डरनं त्याचा दंड धरला.

"तुम्ही कळवलं होतंत?" काकूंनी विचारलं.

"कळवलं होतं."

"कधी?"

"काल. पाय मोकळे करायला गेलो तेव्हा."

काकूंनी मान हलवली, जणू एखादा हरवलेला चमचा कुठे सापडला ते कळलं. मग त्या हळूच दाराशी गेल्या आणि कुलपाखाली, लाकडावर, तळवा टेकवून उभ्या राहिल्या. डबी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. व्यवस्थापक ती उचलायला वाकला नाही, आणि ती यादीत लिहायला हवी असंही म्हणाला नाही. अर्ध्या वकिलांनी टोपी काढून हातात घेतली. आत समई होती, घंटा होती, दोरी होती, शिंप्याची टेप होती. बाहेर सगळे होते.

किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही. काकू वळल्या, ओट्याच्या कडेपर्यंत आल्या आणि खालच्या नऊ पायऱ्यांकडे बघत राहिल्या. श्वास आता मोठ्यानं ऐकू येत होता.

"उतरायचं कसं," त्या म्हणाल्या, "ते आता कुणाला विचारायला जाऊ नका."

मीटरकाका एक पायरी खाली उतरले. काकूंकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर येण्याची वाट बघू लागले. हात यायला बराच वेळ लागला.